पुढची बैठक

ज्वारीच्या पेरण्या उरकून चिखलीतली माणसं जरा टेकली होती, आणि कोंडीराम मात्र ओढ्याकडच्या लांबड्या पट्टीत खळं करत होता. खळं म्हटलं की ते वाटोळं असायचं, मधोमध तिवडा रोवायचा, भोवतीनं बैल फिरवायचे. हे खळं मात्र एका बांधापासून पार दुसऱ्या बांधापर्यंत सरळसोट पडलेलं. आधी पाणी शिंपायचं, मग बैल जुंपून दगडी रूळ ओढायचा, भेगा पडल्या की शेणकाला करून सारवायच्या. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. कोंडीरामच्या टाचा भेगाळून रक्त येत होतं. जाणारा येणारा बांधावर थांबून मजा बघायचा.

"कोंडीभाऊ, एवढ्या लांब खळ्यात मळणी कशाची रं?" शेजारच्या वावरातल्या चिमाजीनं हाळी घातली.

"इमानाची," कोंडीराम म्हणाला आणि बैलांची शेपटं पिळली.

चिमाजी हसला, पण आपल्या वावरात माघारी गेला नाही. त्यालाही बघायचंच होतं. साऱ्या गावालाच बघायचं होतं.

विमान कोंडीरामच्या धाकट्या भावाचं, जयसिंगचं. तो पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होता. बाप गेला तेव्हा जयसिंग पाटी-दप्तरातच होता. कोंडीरामनं शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं, आयटीआय करवला. त्यानंही भावाचं नाव राखलं. व्यसन नाही, टवाळी नाही. एकच खूळ होतं, आणि तेही लहानपणापासूनचं. लोहगावचं विमान वरनं गेलं की पोरगं भाकरी टाकून अंगणात पळायचं. आता कमावता झाल्यावर त्यानं कुठल्याशा इंग्रजी मासिकातनं नकाशा मागवला, आणि गोठ्याला लागून पडवी काढून विमान करायला घेतलं. कंपनीत परदेशी मशिनी यायच्या त्या खोक्यांचं पांढरं, हलकं लाकूड तो भंगारातनं विकत आणायचा. पुण्याच्या जुन्या बाजारात एक पालथी पडून चेपलेली परदेशी मोटार मिळाली. तिचं इंजिन पाण्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं होतं. ते त्यानं बैलगाडीत घालून आणलं. सागाचा पंखा स्वतः तासला. रविवारी सायकल मारत हडपसरला जायचा, तिथं ग्लायडर उडवणाऱ्या लोकांना विचारून विचारून शिकायचा. हळूहळू त्यांनी त्याला वरही नेलं, चालवायची दांडी हातात दिली. त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही, नुसता हसत बसला.

पंखांच्या सांगाड्यावर चढवायचं कापड शिवलं त्याच्या बायकोनं, नीलानं. नीला म्हणजे नऊवार लुगडं आणि मूठभर माणूस, पण शिलाईच्या मशीनवर बसली की कुणाला ऐकायची नाही. टाका इतका बारीक की नखानं शोधावा लागे. त्या कापडावर जयसिंग उग्र वासाचं रोगण फासायचा आणि ते वाळून हलगीसारखं ताणून बसायचं. नीला येता जाता त्यावर टिचकी मारून बघायची. मोठी जाऊ सोजराबाई मात्र कावलेली. "पट्टी पडीक ठेवली. आता कडबा इकत घ्या अन बैलास्नी घाला. इमान काय दूध देणार हाय का?" पण कोंडीरामनं एकदा हो म्हटलं होतं, मग संपलं. घरात त्याच्या शब्दापुढं शब्द नसायचा.

ह्या घरात कुठलीही नवी गोष्ट आली की पहिला मान कोंडीरामचा. नवे बैल आले की पहिलं औत त्यानं धरायचं. नव्या धान्याचा पहिला घास त्याचा. जयसिंगनं पहिल्या पगारातनं सायकल आणली तेव्हा कोंडीरामला कुठली सायकल येतेय? पण जयसिंगनं त्याला सीटवर बसवलं, स्वतः हँडल धरून पायी पायी मारुतीच्या देवळापर्यंत नेलं आणि माघारी आणलं. कोंडीराम दोन्ही पाय लोंबकळत सोडून लोकांचा रामराम घेत बसलेला. मग मागनं जयसिंगनं सायकलवर टांग टाकली. गाव पोट धरून हसलं, पण दोघा भावांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

खंडेनवमीला विमान पहिल्यांदा पडवीबाहेर आलं. औत, कुळव, विळे, कोयते, नीलाची मशीन, जयसिंगचे पाने आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध ते पांढरं विमान. झेंडूच्या माळा घातल्या. घरातला वडील म्हणून कोंडीरामनं पूजा केली, नारळ फोडला, पंख्याला हळदीकुंकू लावलं. अंगणात माणूस मावत नव्हतं. दिवाळी झाली, वारा पडला की उडवायचं असं ठरलं होतं. कोंडीरामनं वाकून आत डोकावलं. एकच बैठक, पाटाएवढी.

"आरं, हे तर एकाचंच बिऱ्हाड!" कोंडीराम लोकांकडं वळून म्हणाला. "अन आमी काय खालनं टाळ्या पिटायच्या व्हय?"

सगळे खो खो हसले. कोंडीरामही हसला. जयसिंग हसला नाही. त्याच्या हातात प्रसादाचं खोबरं होतं, ते तसंच राहिलं.

चेष्टाच होती ती. देवाशपथ चेष्टाच होती. खरं सांगायचं तर कोंडीरामला उडायचंच नव्हतं. विहिरीत डोकावतानाही तो आधी काठावरचा खांब घट्ट धरायचा. पण पुढच्या सुट्टीला तो बैलांना पाणी दाखवून आला, तर पडवीत जयसिंग कात्री घेऊन विमानाच्या पाठीवर वाकलेला. कापड चरचर फाटत होतं. नीला खांबाला टेकून उभी होती. आपलेच टाके उसवताना ती बघत होती.

"आरं आरं, काय करतुयास?"

"दोन बैठका करतो दादा," जयसिंग मान वर न करता म्हणाला. "तुमी पुढं, मी मागं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा. वडील माणूस खाली ठेवून मी वर जायचं, शोभतं का?"

हीच ती वेळ होती. 'येड्या, चेष्टा केली मी' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. फाटलेलं कापड नीलानं पुन्हा शिवलं असतं, आणि दिवाळीनंतर पोरगं उडालं असतं. कोंडीरामच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्याला बरं वाटलं. उरात असं काही भरून आलं की शब्द मागं सरकले. तो "बग बाबा, तुला जमतंय का," म्हणाला आणि बैल बांधायला गेला.

मग गावात बातमी फिरली. देवळापुढं बसलेली माणसं हाका मारायला लागली. "कोंडीभाऊ, तुमीबी बसणार म्हनं?" "बसणार म्हंजे? पुढं बसणार," कोंडीराम सांगायचा आणि तंबाखूची चिमूट सगळ्यांपुढं करायचा. आळंदीच्या बाजारात अनोळखी माणूस त्याला बोट दाखवून ओळखायला लागला. आजवर कोंडीरामला त्याच्या बैलांवरनं ओळखायचे. आता ही नवी ओळख त्याला फार गोड लागली.

इकडं पडवीत जयसिंगचे हाल चालले होते. पहिल्या पाळीला जाऊन यायचा, दोन घास खायचा आणि सांगाड्याला भिडायचा. विमानाचं अंग लांब केलं, मग पंख लांब करावे लागले. पंख लांब केले, मग त्यांच्या काठ्या जाड कराव्या लागल्या. काठ्या जाड झाल्या की वजन वाढलं. एक दुरुस्ती दुसरीला हाक मारायची. पोराचे डोळे आत गेले, बोटांना सरस चिकटून कातडी सोलून निघाली. हडपसरच्या साहेबानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं की एका माणसाचं यंत्र एका माणसाचंच असतं, इंजिनाला दोघं झेपायचे नाहीत. हे जयसिंगनं दादाला सांगितलं नाही. नीलाला सांगितलं.

नीला थोरल्या दिराशी बोलायची नाही. रीतच होती तशी. त्याच्यापुढं पदर घ्यायची, आणि काही सांगायचंच झालं तर जावेला सांगायची, त्याच्या कानावर जाईल अशा बेतानं. एका संध्याकाळी कोंडीराम जेवून ओट्यावर चूळ भरत होता. आतनं नीलाचा आवाज आला.

"जाऊबाई, तराजूत घालून केल्यागत केलं व्हतं ते. एका माणसापुरतं. आता उचलंल का न्हाई, ह्यांचं ह्यांनाच खरं वाटत न्हाई."

"मग सांगायचं ना थोरल्या भावाला," सोजराबाई म्हणाली.

"ते न्हाई सांगायचे. मरतील पण न्हाई सांगायचे."

कोंडीरामच्या तोंडात पाणी तसंच राहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि आपण ऐकलंय हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. त्यानं जोरात खुळखुळ चूळ भरली, मुद्दाम दूरवर थुंकली आणि देवळाकडं निघून गेला. उद्या सांगू म्हणाला मनाशी. माणूस स्वतःला फसवतो तसं दुसरा कुणी फसवत नाही.

उद्या उद्या करत पावसाळा आला. खळं वाहून गेलं. पट्टी दुसऱ्या वर्षीही पडीक राहिली, कोंडीरामनं पुन्हा पाणी शिंपलं, पुन्हा रूळ ओढला. एक बैल त्यातच पायानं अधू झाला. आणि त्याच हिवाळ्यात, दोन बैठकांचं विमान पुरं होत आलं तेव्हा, चाकणच्या बाजूनं विजेच्या टावरांची रांग निघाली. डोंगर, ओढे, लोकांची वावरं ओलांडत ती नदीपलीकडं येऊन ठेपली. मग एक टावर चिमाजीच्या वावरात उभा राहिला आणि एक ओढ्याच्या अलीकडं. मधी कोंडीरामची लांबडी पट्टी. एकदा का तारा ओढल्या की पट्टीच्या ऐन शेवटाला, विमान जिथं वर उठणार तिथंच, आडवं जाळं होणार होतं. गावात दुसरं एवढं सपाट वावर नव्हतं. असलं तरी दुसऱ्याचं पीक कोण तुडवू देणार?

तार ओढणाऱ्या टोळीचा मुकादम भला माणूस निघाला. जयसिंग त्याच्या हातापाया पडला तेव्हा तो म्हणाला, "उद्या दुपारी जेवणं झाली की तार ओढणार. तवर काय उडवायचं ते उडवा. वरनं माझ्यावर हुकूम हाय भावा, जास्ती थांबता न्हाई यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान पट्टीच्या टोकाला आणलं. गाव लोटलं होतं. बांधावर, बाभळीवर, टावरच्या पायावर माणसं. मुकादमाची टोळीही विड्या ओढत बसलेली. कोंडीराम नवं धोतर, लाल फेटा बांधून आला.

"दादा, फेटा काढावा लागंल," जयसिंग हलक्या आवाजात म्हणाला. "वाऱ्यानं सुटंल अन पंख्यात जाईल."

साऱ्या गावादेखत कोंडीरामनं फेटा उतरवला आणि सोजराबाईच्या हातात दिला. बोडक्या डोक्यानं तो पुढच्या बैठकीत शिरला. गुडघे छातीला लागले. समोर पंखा, पायापाशी दांडी. "हिला हात लावू नगा दादा, ही माझ्या मागच्या दांडीला जोडलेली हाय," जयसिंगनं बजावलं, पट्टा आवळला. जयसिंगच्या तोंडाला सकाळपासून पाणीसुद्धा लागलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

चिमाजी आणि आणखी दोघांनी शेपूट धरली. जयसिंगनं पंखा फिरवला, इंजिन फडफडलं आणि धरलं. तो धावत येऊन मागं बसला. धूळ, आवाज, कोंडीरामच्या दातावर दात. विमान निघालं. बांधावरची माणसं मागं पळायला लागली. चाकं उडत, आपटत होती. मग एकदाचं आपटणं कमी झालं, बुडाखाली काहीतरी हलकं झालं. कोंडीरामच्या तोंडातनं "पांडुरंगा" निघालं. आणि पुन्हा धाडकन चाक टेकलं. समोरचा बांध अंगावर आला. जयसिंगनं इंजिन बंद केलं, विमान तिरकं होऊन बांधाच्या अलीकडं थांबलं.

माघारी ढकलत आणलं. दुसऱ्यांदा धावलं. पुन्हा तेच. हलकं व्हायचं, वर मात्र उठायचं नाही.

कोंडीराम खाली उतरला. त्यानं बांधाला टेकून दम खाल्ला आणि अखेर, सव्वा वर्षानं, ते बोलला. "जयसिंगा, तू एकटा जा. माझं काय हाय त्यात. जा तू."

जयसिंगनं मान हलवली. "आता न्हाई जाता येत दादा."

"का रं?"

"तुमी पुढं बसणार म्हणून सगळा तोल पुढच्या बैठकीवर धरलाय, अन चालवायचं सगळं मागं घेतलंय. ती रिकामी ठेवली तर शेपूट खाली बसती, वर जाऊन पालथं व्हायचं. तुमच्याबिगर तोल न्हाई, अन तुमच्यासंगं उचल न्हाई." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की त्यानं शिवी दिली असती तर कोंडीरामला बरं वाटलं असतं.

"पोतं ठेवू की ज्वारीचं," चिमाजी पुढं होत म्हणाला.

"पोतं सरकून दांडीवर पडलं तर? माणूसच पायजे. हलकं माणूस. गप बसणारं."

लोक एक पाऊल मागं सरकले. दोन्ही वेळची आदळआपट त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. आणि जयसिंगही कुणाच्या लेकराला बस म्हणणारा नव्हता. त्याची नजर फिरत फिरत बायकांच्या घोळक्यात गेली, नीलावर थांबली. मग ती कोंडीरामकडं आली. मग पुन्हा नीलाकडं.

कोंडीरामला सगळं उमगलं. नीला, मूठभर माणूस. नुसतं "नीलाला बसव" म्हणायचं होतं. वडिलाच्या तोंडनं ते आलं असतं तर कुणाची छाती नव्हती नावं ठेवायची, आणि त्याच्या तोंडनं आल्याशिवाय जयसिंग काही आपल्या बायकोला हाक मारणार नव्हता. वारा पडलेला. ऊन चढत होतं. मुकादम टावरच्या सावलीत डबा सोडत होता.

पण आपण बोडक्या डोक्यानं उतरायचं, आणि त्याच जागेवर धाकट्याची बायको बसणार, वर उडणार, साऱ्या गावादेखत! उद्या देवळापुढं काय तोंड दाखवायचं? कोंडीरामनं सोजराबाईच्या हातातला फेटा घेतला. तो बांधायला लागला. एक पेच, दुसरा पेच. जयसिंग बघत उभा होता.

"ऱ्हाऊ दे आता," कोंडीराम म्हणाला. "ऊन झालं. चला जेवायला."

दादा म्हणाले जेवायला चला, जयसिंग जेवायला गेला. पाटावर बसला, ताटात बोटं फिरवत राहिला. तिकडं पट्टीवर टोळीच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. तार ओढत होते.

पुढं इंजिन विकलं. पंख माळ्यावर टाकले, ते उंदरांनी खाल्ले. जयसिंगला कंपनीजवळ खोली मिळाली, तो नीलाला घेऊन पिंपरीला गेला. भांडून नाही गेला. सणाला यायचा, दादांच्या पाया पडायचा, दादांसाठी तंबाखूची पुडी आणायचा. विमानाचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही, हडपसरला जाणंही सोडलं. आकाशात घरघर झाली तर वर बघत नसे. कोंडीराम मात्र बघायचा. भावाच्या खाली घातलेल्या मानेकडं बघायचा आणि त्याला घास गिळवायचा नाही.

सोजराबाई वारली त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर नीला भुईमूग काढायला चार दिवस चिखलीला आली होती. जयसिंगला सुट्टी नव्हती. पट्टीत तारांखाली दोघंच होती, कोंडीराम वेल उपटत होता आणि ती शेंगा तोडत होती. मधी जाऊ उरली नव्हती, त्यामुळं बोलायचं तर सरळच बोलावं लागायचं. कोंडीराम आता थकला होता. वाकला की कंबर धरायची. वर तारा गुणगुणत होत्या.

त्यानं हातातला वेल खाली ठेवला.

"नीला, त्या दिवशी मी तुला बस म्हटलं असतं, तर उडालं असतं गं." त्यानं हाताची माती धोतराला पुसली. "मला कळलं व्हतं. कळूनशान मी फेटा बांधत बसलो. पोराचा जलम वाया घालवला मी."

नीलानं शेंगा तोडायच्या थांबवल्या. पदर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच कोंडीरामला सोसलं नाही.

"व्हय दादा," ती म्हणाली. "मी पदर कमरेला खोचून तयार उभी व्हते. ह्यांच्याकडं बगतच नव्हते मी. तुमच्या तोंडाकडं बगत व्हते."

आणि तिनं दुसरा वेल पुढं ओढून घेतला.